दाराशी ठेवलेली विळी

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मी एक जुनी विळी आहे. माझं पातं केव्हाच तुटलं, पण पाटाला कोळंबीचा वास अजून आहे आणि तो जाणार नाही. या वासाची पुष्कळांना किळस येते. मलाही आयुष्यात एकदा किळस आली होती, ती मात्र फिनेलच्या वासाची. तेवढं सांगते आणि गप्प बसते.

माझा पाट बाभळीचा, जाडजूड. ठाण्याच्या लोहाराने त्यावर पातं ठोकलं आणि ऐरोलीच्या कोळीआळीत मैना नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिच्या सामानात मीही आले. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. बोय, निवट्या, चिंबोऱ्या, जे खाडी देईल ते मी कापलं. अर्धी आळी मला मागून न्यायची. "मैनाची इळी हाती आली का काम भरभर व्हतं," असं बायका म्हणायच्या, आणि मी जराशी फुगायचे.

आमच्या आळीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. लावलंच, तर कुणाचं काय बिनसलं म्हणून चार माणसं विचारायला यायची. मैना पहाटे पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजाराला जायची. तिची लहानगी कमळी ओट्यावर बसलेली असायची. कुणाला सांगावं लागत नसे. समोरची म्हातारी धोंडूबाई तिला पेज पाजायची, कुणी नाक पुसायचं, आणि खाडीकडे पळाली तर जी जवळ असेल ती पाठीत धपाटा घालायची.

पुढे रबाळ्याच्या बाजूला कारखाने उभे राहिले. मैनाचा नवरा हिरामण एका कारखान्यात लागला आणि गावापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी त्याला क्वार्टर मिळत होतं. दोन खोल्या, घरात नळ. हिरामणला दुसरं काही सुचेना.

"हितं समदी आळी घरात घुसते," तो म्हणाला. "तिकडं मोकळी हवा हाय. शांतता हाय."

"पोरीला कोन बघल?" मैनाने विचारलं.

"शेजारी नसत्यात का तिकडं?"

मैनाला ते पटलं. शेजारी असले की झालं, असंच तिला वाटलं.

बिऱ्हाड हललं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी मैनाने कमळीला पायरीवर बसवलं, हातात भाकरी दिली आणि पाटी उचलून ती निघून गेली. तुम्ही तिला वेडी म्हणाल. पण माणसं म्हणजे काय, हे ती आमच्या आळीत शिकली होती.

त्या रांगेतली सगळी दारं बंद होती. पायऱ्या फिनेलने धुतलेल्या. ऊन चढलं, भाकरी संपली. कमळीने घरात जाऊन मला ओढत बाहेर आणलं, आईसारखा गुडघा माझ्या पाटावर रोवला आणि एक दगड घेऊन मासे कापायचा खेळ मांडला. माझं पातं उघडं, तिच्या तोंडासमोर. आळीत असतो तर मला हात लावायच्या आधीच पाच बायका ओरडल्या असत्या.

शेजारचं दार उघडलं. कारखान्यातल्या एका कारकुनाची बायको, मालतीबाई, बाहेर आल्या. त्यांनी पोर पाहिली, पातं पाहिलं. नीट पाहिलं, मी सांगते. मग पदर नाकाला लावला.

"शी! काय घाण वास आहे. आत ने ते," असं म्हणून त्यांनी कडी घातली.

कमळी दचकली. मला उचलायला गेली आणि तिचा अंगठा पात्यावर आला. ती रडली, मित्रांनो. खूप रडली. तिचं रडणं ऐकून समोरच्या दोन खिडक्या लागल्या. खिडक्या लागल्या! त्या धुतलेल्या पायऱ्यांचा मला तेव्हा जो वीट आला, तो आजवर गेलेला नाही.

मैना आली तेव्हा पोर पायरीवर झोपली होती. झबल्यावर रक्त वाळलेलं, अंगठ्यावर माश्या. मैनाने चिंधी बांधली आणि मालतीबाईंचं दार वाजवलं.

"बाई, घरातच व्हता ना तुमी?"

"आम्हाला काय ठाऊक कुणाची मुलगी ती," आतून उत्तर आलं. दार उघडलं नाही.

मैना भांडली नाही. तिने मला पाटीत टाकलं, पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ ऐरोलीची वाट धरली.

संध्याकाळी हिरामण मागोमाग आला तो कुरकुरतच. एवढ्याशा जखमेपायी हातचं क्वार्टर सोडायचं का, असा नळ गावात कुणाकडे आहे का! धोंडूबाई कमळीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मैना, पोर कुनाच्या भरवशावर टाकून गेली व्हतीस गं?"

"शेजाऱ्यांच्या."

"मंग?" म्हातारीने विचारलं.

तिला खरंच कळेना, शेजाऱ्यांच्या भरवशावर पोर ठेवली यात चुकलं कुठे. हिरामण तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग खाली बसला, कमळीचा अंगठा हातात घेतला आणि पुन्हा नळाचं नाव काढलं नाही. क्वार्टरची किल्ली त्याने परत केली. रबाळ्याला तो पायीच जाऊ लागला.

त्यानंतर माझं पातं झिजलं, तुटलं, आणि मी चुलीमागे राखेत पडले. कुणी विचारीना. दरम्यान कारखान्यांचा पगार आमच्याही आळीत खेळू लागला. घराघरांना नवी दारं आली, दारांना कड्या आल्या, आणि परवा तर कुणीतरी ओट्यावर फिनेल ओतलं.

हिरामणनेही हौसेने नवं दार बसवलं. खाडीचा वारा आला की ते धाडकन लागतं. दार बसलं त्याच दिवशी मैनाने मला राखेतून काढलं, पुसलं आणि दाराच्या फळीला टेकवून उंबऱ्याशी ठेवलं. कमळी आता मोठी झाली आहे. जाता-येता तिला माझी ठेच लागते आणि ती अंगठ्यावर पांढरी रेघ असलेल्या त्याच हाताने मला पुन्हा जागेवर सारते.

मित्रांनो, मला तेल लावू नका, घासू नका. पण दिवसा तुमच्या दारालाही काहीतरी असंच जड लावून ठेवा. आमचं दार लावायचं, तर आधी मला उचलून बाजूला ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात पायरीवर कोण बसलंय ते दिसतं.