अंगठा फिरवल्याशिवाय नाही

मित्रांनो, मी एका वायरमनची जुनी पक्कड. जबडा पोलादी, पाय पोलादी आणि पायांत लाल रबरी मोजे. पोलादातून वीज धावते, उष्णताही सरकत जाते. रबर मात्र दोघींची वाट अडवतं. माझ्या धन्याचा, म्हणजे दादाचा, जीव त्या मोज्यांच्या भरवशावर! म्हणून तारेला लावण्याआधी तो माझ्या दोन्ही मोज्यांवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, "काय बाई, धडधाकट ना?" माझा ऊर भरून यायचा.

घरी मात्र माझी किंमत शून्य. एकदा सांडशी सापडेना, तेव्हा त्याच्या आक्काने, थोरल्या बहिणीने, मलाच घेऊन दुधाचं पातेलं उतरवलं आणि मला तापल्या शेगडीच्या कडेला टेकवून ठेवलं. एक मोजा वितळून चिरला. आक्का चपापली. दादा चिडेल म्हणून तिने गुपचूप त्याच्याच पेटीतली उघडी तांब्याची तार काढली आणि चिरेवर गच्च गुंडाळली. तांब्याची तार! विजेला हमरस्ताच की! मी हादरले, पण मला जबडा आहे, वाचा कुठे?

सकाळी पावाच्या भट्टीवरून बोलावणं आलं. पीठ मळायचं यंत्र बंद पडलेलं, भट्टीवाले काका घायकुतीला आलेले.

"अरे, हात चालव! बटण बंद केलंय मी."

दादाने घाईत मला उचललं. तार जबड्याजवळ आली. फिरव रे बाबा, अंगठा फिरव!

अंगठा फिरला आणि थबकला.

"हे काय बांधलंय?" मला खाली ठेवून त्याने यंत्राच्या तारेला टेस्टर लावला. दिवा लख्ख पेटला. काकांनी भलतंच बटण बंद केलं होतं! ते मटकन पिठाच्या पोत्यावर बसले. माझा तर जीव भांड्यात पडला.

घरी आक्का रडायलाच लागली. "मोजा घट्ट बसावा म्हणून तार बांधली रे!"

"जिवंत आहे ना मी? मग रडतेस काय, चहा टाक," दादा म्हणाला. "पण लपवू नकोस गं. मी चार शब्द बोलून गप्प बसेन, वीज तेवढ्यावर भागवत नाही."

मला नवे मोजे मिळाले आणि स्वयंपाकघराला लाकडी मुठीची सांडशी.

मित्रांनो, अवजाराची जखम झाकू नका, दाखवा. हल्ली सकाळी पेटी आक्काच उघडते. माझ्या दोन्ही मोज्यांवरून अंगठा फिरवते, "बरी आहेस ना गं?" विचारते आणि मगच भावाला दाराबाहेर सोडते.