बोटीच्या पोटावरचा खडू

सासऱ्यांची बोट लोखंडी टेकूंवर चढवली होती आणि जावई तिच्या पोटाखाली उताणा पडला होता. फायबरच्या बोटीचं दुखणं कानाला कळतं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं की धड भाग खणखणीत वाजतो, पाणी मुरलेला भाग बद्द. बद्द वाजेल तेवढ्याभोवती खडूने रेघ ओढायची, तेवढं खरवडून नवं फायबर चढवायचं.

पण आज रेघेची दोन टोकं जुळायचं नावच घेत नव्हती. खडकाने पडलेली चीर ओली असतानाच सासरे दरवर्षी तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरत आणि वरून झकास रंग मारत. पाणी आत कोंडलं गेलं आणि निवांत पसरत राहिलं.

"जावईबापू, नातवासाठी ठेवा थोडा खडू," सासरे वाकून म्हणाले. हसले ते एकटेच.

"मामा, सगळीच गेलीय."

"वाइटावर खुणा करताय, म्हणून तसं दिसतंय. चांगलं असेल तिथे करून बघा की."

जावयाने वैतागून सगळ्या रेघा पुसल्या आणि पुन्हा एका टोकापासून ठोकत गेला. शेवटी ताटाएवढा एक गोल निघाला. सासरे गुडघे टेकून त्यावर हात फिरवत बसले.

"हे तर नवंकोरं आहे. इथून धरा."

गोलाच्या मधोमध लोखंडी टेकू होता. खणखणीत वाजत होता तो टेकू.

उरलेला खडू जावयाने नातवासाठी म्हणून सासऱ्यांच्या हातात दिला.