चौदा फाइलींची पहिली ओळ

बारकीला घरात सगळे बारकीच म्हणत. ती एकावन्न वर्षांची झाली, चष्म्याचा नंबर साडेपाचवर गेला, तरी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. थोरल्या भावानं ठेवलेलं नाव ते. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली, नाव तेवढं मागे राहिलं.

बाहेर मात्र तिला मान होता. साधा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांमध्ये उतरवणारा एक प्रोग्राम होता, आणि त्याची सगळी देखभाल तिच्याकडे होती. पोटासाठी दुसरी नोकरी होती. हे काम सकाळी लवकर उठून आणि सुट्टीच्या दिवशी करायचं. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, म्हणून हा प्रोग्राम नेटवर खुला ठेवलेला. तो सुरू केला दादानं. बारकी तेव्हा नुसती चुका काढायची, आणि त्या कामात ती इतकी तरबेज झाली की दादानं एक दिवस कंटाळून सगळ्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. पुढे देशोदेशीचे तीसेक लोक येऊन मिळाले, फाइली वाढत वाढत चारशे बारा झाल्या.

यंदा एका मोठ्या ब्रेल छापखान्यानं हा प्रोग्राम आपल्या नव्या यंत्रात घ्यायचं ठरवलं. शाळेची पुस्तकं त्यावर निघणार होती. अट एकच होती: प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर परवान्याची ओळ हवी, तीही ठरलेल्या साच्यातली.

खुलं म्हणजे बेवारशी नव्हे, हे बाहेरच्या लोकांना सांगून सांगून बारकीचं तोंड दुखायचं. खुल्या कोडलाही परवाना असतो. काय करता येईल, काय नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. पण लिहिणारे पडले प्रोग्रामर. एकानं अख्खं पान चिकटवलेलं, दुसऱ्यानं दोन ओळींत गुंडाळलेलं, तिसऱ्यानं नुसतंच ‘लायसन्स दुसऱ्या फाइलीत आहे, बघा’ म्हणून हात झटकलेले. माणूस हे वाचून समजून घेईल, यंत्र कसं घेणार? म्हणून ही एक ओळ. आधी एसपीडीएक्स ही अक्षरं, मग परवान्याचं ठरलेलं छोटं नाव, आवृत्तीचा आकडा, आणि शेवटी दोनांपैकी एक शब्द: ‘फक्त’ किंवा ‘पुढचीही’. फक्त म्हणजे हीच आवृत्ती. पुढचीही म्हणजे ही, आणि यानंतर जेवढ्या निघतील त्यांतली कुठलीही.

छापखान्याच्या यंत्रातले बाकीचे भाग नव्या आवृत्तीचे होते. जुन्या ‘फक्त’शी त्यांचं जमत नव्हतं, आणि पुढे निघेल ती आवृत्तीही चालायला हवी, असं छापखान्याचं म्हणणं होतं. म्हणून बारकीनं सगळ्या लेखकांना पत्रं पाठवली, आणि एकेकाचं उत्तर येत गेलं: पुढचीही चालेल. एका सकाळी तिनं चार ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला, चारशे बाराच्या चारशे बारा फाइलींवर ओळ चढवली आणि तपासणी चालवली. सगळीकडे हिरवी खूण आली.

चहा पिता पिता तिच्या लक्षात आलं, की त्यांतल्या चौदा फाइली दादाच्या आहेत. दादाला कोण पत्र पाठवणार?

दादानं त्या फाइलींवर एकच वाक्य लिहिलेलं होतं: ‘हा कोड दुसऱ्या आवृत्तीच्या परवान्याखाली खुला.’ पूर्णविराम. फक्त नाही, पुढचीही नाही. लेखकानं जे लिहिलं नाही ते दुसऱ्यानं त्याच्या तोंडी घालायचं नाही, हा या कामातला साधा नियम. बारकी हिरव्या खुणेकडे बराच वेळ बघत बसली. तसंच राहू दिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. शेवटी तिनं त्या चौदा ओळी पुसल्या आणि छापखान्यात परवाने तपासणाऱ्या गृहस्थांना फोन लावला.

गृहस्थ सभ्य होते. “वारसांची लेखी संमती लागेल, मॅडम. शुक्रवारपर्यंत. नाही मिळाली तर त्या चौदा फाइली वगळू आणि तेवढा भाग आमची माणसं नव्यानं लिहितील. पुस्तकं थांबणार नाहीत, काळजी करू नका.”

“मी लिहिते ना. मला त्या तोंडपाठ आहेत.”

“म्हणूनच तुम्ही नाही,” ते म्हणाले. “ज्यानं जुनं वाचलेलंच नाही, त्यानं नवं लिहायचं. नाहीतर नकळत तेच उतरतं.”

पुस्तकं थांबणार नाहीत हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं, आणि बारकीला नेमकं तेच लागलं. दादाचे कपडे कधीच वाटून झाले होते. त्याचा फोन नंबर आता कुणा अनोळखी बाईकडे होता. एकदा चुकून लागला तेव्हा बारकीनं सॉरी म्हणून ठेवला होता. पण जोडाक्षरं कुठे तोडायची, आकडे कसे मांडायचे, हे ठरवणाऱ्या त्या चौदा फाइली रोज कुठे ना कुठे चालायच्या. तिच्या हिशेबी दादा अजून कामावर जात होता. आता त्याला घरी बसवायची वेळ आली होती, आणि ते टळणार की नाही हे एका सहीवर होतं.

सही वहिनीची; दादाचे सगळे हक्क तिच्याच नावावर झाले होते. तिथंच घोडं अडलं. नणंद-भावजयीत भांडण झालेलं नव्हतं, वाकडा शब्द नव्हता. दादा गेल्यावर वर्षभरात वहिनी हळूहळू तुटली, इतकंच. फोनवर ‘बरी आहेस ना’, ‘हो, तू?’ आणि पुढे दोघींकडे शांतता. बारकीला आधी वाटलं दुःख असेल. मग वाटलं, असेल बाई गर्व. का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती. बुधवारी दुपारी बारकी गेली तेव्हा काउंटरवर एक माणूस वाद घालत होता. अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी त्याला परत करायची होती.

“गोळ्या चांगल्या आहेत हो. तुमच्याच दुकानातल्या.”

“असतील,” वहिनी म्हणाली. “पण नाव आणि तारीख होती तो तुकडा तुम्ही कापून टाकलात. आता ह्या कशाच्या, मी पुढच्याला काय सांगू?” माणूस पुटपुटत गेला. वहिनीची नजर बारकीवर पडली आणि कपाळावरची आठी तशीच राहिली. “ये. आत बस.”

आतल्या खोलीत खोक्यांच्या थप्प्या, एक टेबल, दोन स्टुलं. बारकीनं कागद पुढे ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं: छापखाना, ओळ, दोन शब्द, शुक्रवार. वहिनीनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे लेबल,” ती शेवटी म्हणाली.

“हो. लेबलच.”

“आणि त्याच्या वरची ओळ? नावाची? तिथं काय आहे आता?”

तिथं काय आहे हे बारकीला चांगलं ठाऊक होतं. “प्रकल्पाचे सर्व लेखक,” ती म्हणाली.

“आधी काय होतं?”

“दादाचं नाव.”

“ते कुणी काढलं?”

बारकीनंच. दादा गेल्यावर सात-आठ महिन्यांनी. लोक यायचे, जायचे, प्रत्येक फाइलीवर नावांची रांग लागायची, स्पेलिंगं चुकायची. मोठ्या प्रकल्पांमध्ये सगळे करतात तशी तिनं साफसफाई केली: सगळी नावं काढून एकच ओळ. कुणी काय लिहिलं त्याची नोंद प्रोग्रामच्या बदलांच्या इतिहासात राहतेच, काही हरवत नाही. तिनं हे सगळं वहिनीला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं तिलाच ते पोकळ वाटायला लागलं.

“लेकीनं दाखवलं होतं मला,” वहिनी म्हणाली. “ह्यांची आठवण आली की आम्ही ते पान उघडायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ह्यांचं नाव वाचता येतं. एक दिवस उघडलं तर नाव नाही. वर्षही झालं नव्हतं गं. वाटलं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर चाललं असतं.”

सात वर्षं बारकी जे कोडं म्हणून बाजूला ठेवत आली होती, त्याचं उत्तर तिच्याच हातचं निघालं.

“बोलली का नाहीस, वहिनी?”

“तू विचारलंस?”

बाहेर कुणीतरी काउंटरवर टकटक केलं. वहिनी उठून गेली, खोकल्याचं औषध देऊन परत आली. तोवर बारकीनं चष्मा काढून डोळे पुसले होते.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “नाव मी उद्या परत घालते. तू सही कर नाहीतर करू नकोस, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.”

वहिनीनं मान हलवली आणि कागद ओढून घेतले. परवाना सात-आठ पानांचा होता. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बारकी म्हणाली, एवढं वाचायची गरज नाही, मी सार सांगते. वहिनीनं ऐकलंच नाही. पाऊण तास गेला. दोनदा गिऱ्हाईक आलं, दोनदा ती बोट ठेवलेल्या जागी पेन्सिलीनं खूण करून उठली.

“लग्नाच्या नोंदणीच्या वेळी ह्यांनी असंच केलं होतं,” ती वाचता वाचता म्हणाली. “अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मागे तीन जोडपी ताटकळलेली. मला वाटलं, ह्या माणसाचा विचार बदलला.”

बारकीला हसू आलं. दादा तसाच होता. शेवटची ओळ वाचल्याशिवाय त्यानं जन्मात कशावर सही केली नाही.

वहिनीनं शेवटचं पान पालथं घातलं. “ही झाली दुसरी. पुढच्या कुठे आहेत?”

“तिसरी आहे. ही बघ. त्याच्या पुढच्या अजून निघाल्या नाहीत.”

“कोण काढणार?”

“ज्या संस्थेनं ह्या काढल्या, तीच. चांगले लोक आहेत. आजवर त्यांनी वापरणाऱ्याच्या भल्याचंच लिहिलंय.”

“काय लिहिणार ते माहीत आहे का तुला?”

“नाही.”

वहिनीनं चष्मा कपाळावर सरकवला. “बारके, मला विचारायला आलीस, की सही न्यायला आलीस?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “सही न्यायला आले होते,” बारकी म्हणाली. “आता विचारते.”

“मग ‘फक्त’ लिही.”

“वहिनी, ‘फक्त’ लिहिलं तर ते काढून टाकतील. दादाचं एक अक्षर त्यात उरणार नाही.”

“कळलं मला.” वहिनीनं कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. “मलाही ते हवेत गं त्यात. पण जे अजून कुणी लिहिलेलंच नाही, त्याखाली ह्यांचं नाव घालू नकोस. ते असते तर त्यांनी घातलं असतं?”

बारकीनं प्रामाणिकपणे विचार केला. एखादी तरी फट सापडते का, हेही पाहिलं. नाही सापडली. “नसतं घातलं,” ती म्हणाली.

वहिनीनं ‘फक्त’ या शब्दापुढे खूण केली आणि सही केली. मग तिनं आपला हात बारकीच्या हातावर ठेवला.

गुरुवारी सकाळी बारकीनं चौदा फाइली एकेक करून उघडल्या. या वेळी छोटा प्रोग्राम लिहिला नाही. प्रत्येक फाइलीवर दादाचं नाव हातानं टाइप केलं, त्याखाली परवान्याची ओळ, शेवटी ‘फक्त’. प्रोग्रामची ती आवृत्ती तिनं कायमची जपून ठेवली; कुणीही कधीही उघडून बघावी. मग छापखान्यासाठी नवी आवृत्ती काढायची होती. तीत या चौदा फाइली असणार नव्हत्या. हे काम गृहस्थांच्या माणसांवर सोडता आलं असतं, पण परक्या हातांनी ते व्हावं असं तिला वाटेना.

तिनं चौदाही फाइली निवडल्या. काढून टाकण्याआधी कारण लिहायला एक चौकट येते. तिनं लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि वहिनीला फोन लावला.

“वाचून दाखवते,” ती म्हणाली. “‘परवान्यात पुढच्या आवृत्त्या चालतील का, हे मूळ लेखकाच्या पत्नीला विचारलं. त्या नाही म्हणाल्या.’ असं लिहू का?”

पलीकडे कुणीतरी औषध मागत होतं. वहिनीनं त्याला थांबायला सांगितलं.

“पत्नी काय?” ती म्हणाली. “मला नाव नाही?”

बारकीनं तो शब्द खोडला, तिथं वहिनीचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि वहिनीनं एकेक अक्षर सांगून ते फोनवर तपासून घेतलं.

“आता बरोबर आहे,” वहिनी म्हणाली. “काढ.”

बारकीनं बटण दाबलं. फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.