वळणावरचा झेंडू

आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं, की त्याला काय हवंय ते सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते! बदलापुरात, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका सोसायटीत त्या आठवड्यात हेच चाललं होतं. देशोदेशीच्या सायकलपटूंची मोठी शर्यत चक्क त्यांच्या फाटकासमोरून जाणार होती, आणि स्वागताची सगळी सूत्रं उन्मेष कर्णिकांनी आपणहून हातात घेतली होती.

उन्मेषराव अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी. माणूस दिलदार, पण हौसेला लगाम म्हणून नाही.

"अहो, ज्यांना आजवर टीव्हीवर बघितलं ते आपल्या दारात येतायत! नुसत्या टाळ्या वाजवून पाठवायचं?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले. "कल्याणच्या फुलबाजारात झेंडूची ऑर्डर दिलीय मी. वळणावर असा सडा घालू, की जन्मभर बदलापूरचं नाव काढतील!"

"बाबा, त्याच वळणावर माझी ड्यूटी आहे," त्यांची मुलगी चैत्राली म्हणाली. ती शर्यतीची स्वयंसेवक झाली होती. "रस्त्यावर काहीही टाकायचं नाही, असं आम्हाला सांगितलंय. तिथे उतार आहे. त्या स्पीडला चाक सटकलं ना, तर माणूस खलास!"

"फुलं आहेत गं ती, खिळे नाहीत!"

तळमजल्यावरच्या शालन साळवेही मीटिंगला आल्या होत्या. उल्हासनगरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवले. सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे.

"कर्णिक, भाऊबीजेला तुमची बहीण रांगोळी कुठे काढते हो?"

"कुठे म्हणजे? पाटाभोवती."

"पाटावर का नाही?"

"पाटावर मी बसणार ना, मॅडम!"

"मग झालं तर. रस्ता हा त्या पोरांचा पाट आहे. काय सजवायचं ते भोवती सजवा."

सगळे हसले. उन्मेषरावांना मनातून पटलंसुद्धा. पण चारचौघांत माघार घ्यायची? छे! नाक राहील का जागेवर?

शर्यतीच्या सकाळी रस्ता गाड्यांना बंद झाला. शेवटच्या सूचना ऐकायला चैत्रालीला पुढच्या चौकात बोलावलं. ती पाठमोरी होताच उन्मेषरावांनी डाव साधला! पाकळ्यांची पोती रिकामी झाली. उन्हात कोमेजू नयेत म्हणून त्यांनी वरून पाणीही शिंपडलं. वळण असं काही केशरी झालं, की बायकापोरं फोटो काढायला धावली. उन्मेषराव कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत राहिले.

चैत्राली परत आली आणि जागच्या जागी थांबली. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा, आणि चेहरा पांढराफटक.

"बाबा, हे काय केलंत? आता मी झेंडा दाखवून सगळी शर्यत थांबवू, की डोळे मिटून कुणाला तरी पडू देऊ? सांगा ना!"

"उगाच घाबरतेस तू. काही होत नाही. थांब, मी चालून दाखवतो!"

असं म्हणून त्यांनी ऐटीत पाऊल टाकलं. एक, दोन... आणि तिसऱ्याला दोन्ही पाय वर! "आई गं!" करत उन्मेषराव आपल्याच झेंडूवर आडवे झाले. एरवी अशा वेळी हशा पिकतो. त्या दिवशी एकही माणूस हसला नाही.

चैत्राली धावली. त्यांचे दोन्ही तळवे खरचटले होते. ते तसेच बसून राहिले, पाकळ्यांकडे बघत.

"मी चालत होतो, चैतू," ते म्हणाले. "नुसता चालत होतो गं!"

मग ते एकदम उठले आणि ओरडले, "झाडू आणा! असेल नसेल तो झाडू आणा!"

काय ती धांदल! कुणी खराटा आणला, कुणी वायपर, कुणी गोणपाट. जिन्यातली पायपुसणीसुद्धा कामाला लागली. साळवे मॅडम पदर खोचून उतरल्या आणि रस्ता झाडायला लागल्या. 'मी म्हटलं नव्हतं?' असं एका शब्दाने त्या बोलल्या नाहीत. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच. डांबर पुसून कोरडं झालं, सगळी फुलं प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे कडेला गेली, आणि चैत्रालीची शिट्टी वाजली.

आधी वाट मोकळी करणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि मागून तो थवा! सर्रकन वारा यावा तशी पोरं वळणावर झुकली, गुडघे डांबराला टेकतायत की काय असं वाटावं इतकी, आणि बघता बघता पार झाली. एकाचंही चाक सटकलं नाही. उन्मेषरावांनी रोखून धरलेला श्वास सोडला.

लोक घराकडे वळले. "अरे, थांबा," मॅडम म्हणाल्या. "शेवटचा यायचाय अजून."

तो आला, एकटाच. खांद्यावर जर्सी फाटलेली, कोपर रक्ताने माखलेलं. मागे कुठेतरी पडला होता बिचारा. उन्मेषराव खरचटलेल्या हातांनी टाळ्या वाजवायला लागले, तशी सगळी सोसायटी वाजवायला लागली. त्या पोराने कडेची फुलं बघितली, माणसं बघितली, छातीवर हात ठेवून मान लववली आणि स्वच्छ रस्त्यावरून निघून गेला.

उन्मेषरावांचे डोळे भरून आले. कुठल्या आईचं लेकरू! हेच रक्त आज आपल्या दारात, आपल्या फुलांवर सांडलं असतं.

"मॅडम, चैतू, तुमचे फार उपकार झाले," ते हात जोडून म्हणाले. "आज माझ्या हातून पाप घडता घडता राहिलं."

"उपकार कसले? तो खराटा द्या इकडे, माझा आहे," मॅडम म्हणाल्या, आणि मग मात्र सगळे पोटभर हसले.

मंडळी, 'रस्ता आपला आहे' असं आपण उठसूट म्हणतो. पण ज्या घडीला दुसरा त्यावरून जात असतो, त्या घडीला तो त्याचा पाट असतो. मग तो सायकलवाला असो, अँब्युलन्स असो, की शाळेला निघालेलं पोर असो. आपली हौस पाटाभोवती करावी. पाट मोकळा ठेवणं हाच पाहुण्याचा पहिला मान!