पाहुण्यांची जागा

"तुमच्यासोबत कोणी नाही ना, सर?" काउंटरवरच्या मुलीने पडद्यावरची नजर न काढता विचारले.

"कोणी नाही कसं? ही काय, माझी बायको." त्याने बाजूला हात केला.

व्हीलचेअरमध्ये बायको एका अंगावर कलून बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आपला विषय निघालेला बघून तिने वर्गातल्या मुलीसारखा एक हात वर केला. "हजर."

मुलगी हसली. मग पुन्हा पडद्याकडे वळली आणि तिचे हसू अर्ध्यात राहिले. "नाही, म्हणजे सिस्टीममध्ये तुम्ही एकटेच दिसताय."

या वाक्यात तसे नवीन काहीच नव्हते. सिस्टीममध्ये तो जन्मभर एकटाच होता. शीतगृहांचे, बर्फाच्या कारखान्यांचे मोठमोठे कॉम्प्रेसर दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. कुठेतरी मशीन बंद पडायचे, आतला माल नासायला लागायचा आणि याचा फोन वाजायचा. बॅग कायम भरलेली, दाराशी उभी. घरी तो इतका कमी असायचा की बायकोने त्याचे नावच 'पाहुणे' ठेवले होते. "पाहुणे आले गं, चांगली चादर काढ," असे ती लेकीला ओरडून सांगायची. लेक जन्मली तेव्हा पाहुणे एका कारखान्यात, पेचकसाचे एक टोक मशीनला आणि दुसरे कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकत होते. लेकीच्या लग्नालाही ते हॉलमध्ये पोचले ते बॅगेसकट.

या सगळ्या भटकंतीतून त्याच्या पदरात एकच गोष्ट पडली होती. गोल्ड कार्ड. निळ्या शेपटीच्या विमान कंपनीचे. वर्षानुवर्षे त्याच कंपनीच्या विमानांनी फिरला म्हणून तिने ते दिले होते आणि दरवर्षी इमानाने नवे पाठवत होती. बायको त्याला 'माझी सवत' म्हणायची. "तिला बरी खिशात घेऊन फिरता, छातीशी!" कार्डामुळे कधीमधी पुढच्या भागात जागा मिळायची, पलंगासारखी आडवी होणारी. घरी आल्यावर तो वर्णन करायचा आणि ती ऐकून घ्यायची.

"मला कधी झोपवणार तुमच्या त्या खुर्चीत?"

"तू येतेस कुठे?"

"तुम्ही नेता कुठे?"

संवाद तिथेच संपायचा.

आता नेत होता. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात आणले होते, आणि मोठ्या डॉक्टरांनी शेवटी चष्मा काढून, आवाज बारीक करून सांगितले होते की दुखणे मणक्यात पसरलेय, आता घरी न्या. बसून प्रवास झेपेल का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, झेपेल, पण फार दुखेल. पाठ टेकता आली तर बरे. पुढच्या भागातले तिकीट विकत घ्यायची ऐपत या आजारपणातच संपली होती. शिवाय या शहरातून घरी जाणारे विमान फक्त हिरव्या शेपटीच्या कंपनीचे. पण हिरवी कंपनी निळीची भागीदार निघाली. निळीचे गोल्ड कार्ड हिरवीतही चालत होते. आधी विनंती टाकून ठेवायची, आणि पुढे जागा रिकाम्या राहिल्या तर त्या दिवशी कार्डवाल्याला वरच्या वर्गात बसवणार, सोबत आणखी एकाला. 'सोबत आणखी एकाला' ही ओळ त्याने इस्पितळाच्या बाकावर बसून इतक्यांदा वाचली होती, की मिटल्या डोळ्यांनाही ती दिसायची. औषध त्याच्या हातात नव्हते, डॉक्टर नव्हते, देव तर नव्हताच. एवढी एक खुर्ची होती.

"दोन वेगवेगळी बुकिंग आहेत, सर," मुलगी सांगत होती. "सोबतीचा फायदा एकाच बुकिंगवर असलेल्या माणसाला मिळतो."

"पण सीट शेजारीशेजारी घेतल्यात मी! बघा ना. खिडकी हिची, मधली माझी."

"हो, सीट शेजारी आहेत. बुकिंग वेगळं आहे."

आणि मग त्याला ते पान दिसले. तिकीट काढायचे पान. वरच्या बाजूला छोटा चौकोन असतो: प्रवासी. त्यात आधीपासून 'एक' भरलेला असतो. इतकी वर्षे तिकिटे काढली, त्या चौकोनाला त्याने कधी बोट लावले नव्हते. लावायचे कारणच पडले नव्हते. डॉक्टरांशी बोलणे झाले त्या दुपारी त्याने आधी तिचे तिकीट काढले, मग त्याच हाताने आपले, दोन्ही वेळा एकट्याचे. दोन माणसांचे मिळून एक तिकीट निघते हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. हाताला ठाऊक नव्हते.

"आता जोडून टाका की."

"कार्ड आमचं असतं तर मी प्रयत्न केला असता, सर. भागीदार कंपनीचं आहे. त्यांच्याकडूनच करावं लागतं, आणि तेही आदल्या दिवसापर्यंत." तिने खरोखरच दोनचार कळा दाबून पाहिल्या, कुणाला तरी फोन लावला, मान हलवत ठेवला. "तुमची जागा मात्र आली आहे. पुढे दोनच होत्या; एक तुम्हाला मिळाली, दुसरी यादीतल्या माणसाला गेली."

"मग ती हिला द्या. मी मागे बसतो. त्यात काय?"

"कार्ड तुमच्या नावावर आहे, सर. जागा कार्डावर आली आहे. तुम्ही नको म्हणालात तर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल."

"म्हणजे कुणाही ऐऱ्यागैऱ्याला देणार, पण हिला नाही!"

मुलीने खाली पाहिले. तिच्याही हातात काही नव्हते, हे त्याला कळत होते, आणि त्यामुळे संताप कुठे टाकावा तेही कळत नव्हते. मागे रांग चुळबुळायला लागली होती.

"अहो," व्हीलचेअरमधून आवाज आला. "घ्या ती."

"तू गप्प बैस."

"मी बसलेलीच आहे. घ्या म्हणते ना! इतके दिवस बाकावर झोपलात. घरी गेल्यावर मला उचलणार कोण? शेजारी? तुमची कंबर गेली तर दोघांना एकाच पलंगावर घालावं लागेल लेकीला. बिचारीचं बाळ तान्हं आहे. निदान एकाची तरी पाठ टेकू दे."

ती हसत होती. हसताना तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता.

त्याने पास घेतला. सोडून देऊन परक्याच्या घशात घालण्यापेक्षा हातात असलेला बरा, आत गेल्यावर बघू, असा त्याचा हिशेब होता. बॅग पट्ट्यावर ठेवली. मुलीने बॅगेच्या दांड्याला नारिंगी चिठ्ठी अडकवली. "प्राधान्य, सर. कार्डामुळे. बॅग सगळ्यांच्या आधी येईल." तेवढे तरी देता आले म्हणून तिला बरे वाटले असावे.

विमानात बायकोला चाकांच्या अरुंद खुर्चीत बसवून, उलटे ओढत मागे नेले. जाताना पुढचा भाग लागला. रुंद खुर्च्या, घडी घातलेली पांघरुणे. "हीच का सवतीची खोली?" ती म्हणाली आणि हात लांब करून एका पांघरुणाला बोटे लावून आली. मागच्या रांगेत तिला खिडकीशी टेकवले, पाठीला त्याच्या कोटाची वळकटी दिली. मधल्या जागेपाशी तो उभा राहिला.

तिथेच त्याला विमानातली मोठी बाई भेटली. सगळ्या हवाई सेविकांची ती मुख्य. केस पिकायला लागलेली, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. त्याने तिला सगळे सांगितले. तिने बायकोकडे एकदा पाहिले.

"आता हलवता येणार नाही. दारं लागतायत. तुम्ही तुमच्या जागेवर जा. एकदा वर गेलो, पट्ट्यांचा दिवा विझला, की मी बघते. कागदावर बदल होत नाही. पण खुर्चीत कोण झोपलंय ते मलाच दिसतं ना?"

तो खाली वाकला. "ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "थोडा वेळ. थोडाच वेळ कळ काढ. मी लगेच येतो."

"या सावकाश," ती म्हणाली. "मी कुठे जाणार?"

पुढच्या खुर्चीत तो ताठ बसला. ती मागे घेतली नाही, बूट काढले नाहीत, पांघरुणाची घडीसुद्धा मोडली नाही. जागा तिची होती. तो राखणदार होता. डोळे पट्ट्यांच्या दिव्यावर लावले. विमान धावले, उचलले गेले, आणि इंजिनाचा आवाज चढत चढत शेवटी एका सुरावर येऊन ठरला.

हाच तो सूर. आयुष्यभर या सुरासाठी तो गावोगाव गेला. बिघडलेल्या मशीनपाशी रात्र रात्र जागायचा आणि दुरुस्त होऊन ते असे एकसारखे गुणगुणायला लागले, की तिथेच पोत्यावर, फळकुटावर गाढ झोपायचा. कारखान्यातले कामगार ओळखून होते: कॉम्प्रेसरवाला झोपला म्हणजे मशीन ठीक झाले. आवाज बदलला तरच त्याला जाग यायची.

आवाज बदलला तेव्हा त्याने डोळे उघडले.

तो आडवा होता. पूर्ण आडवा, पाठ टेकून. अंगावर पांघरूण. पायात बूट नव्हते. खाली जोडीने मांडून ठेवले होते. खिडकीबाहेर ऊन तिरपे झाले होते, आणि विमान उतरत होते.

तो धडपडून उठला. "बसा सर, आता उठता येणार नाही." मोठी बाई समोरच्या घडीच्या खुर्चीत पट्टा लावून बसली होती.

"उठवलं का नाही मला?" तो परत खाली बसला. "तुम्ही म्हणाला होतात..."

"मी गेले होते मागे. त्यांना आणायलाच." बाईचा मुख्याध्यापिकेचा आवाज आता खाली आला होता. "आधी त्यांनी विचारलं, ते काय करतायत? म्हटलं, झोपलेत. कसे झोपलेत? म्हटलं, बसल्या बसल्याच, मान पडलीय. तर म्हणाल्या, मग नका उठवू. मी खूप सांगितलं. ऐकेनात. वर मलाच म्हणाल्या, खुर्ची आडवी करून द्या त्यांची. बूट काढा, बूट घालून झोपले की पाय सुजतात त्यांचे."

विमान टेकेपर्यंत पट्टा बांधून बसून राहण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते.

सगळी माणसे पुढे निघाली आणि हा त्यांच्यातून खांदे काढत मागे गेला. बायको खिडकीशी तशीच होती. चेहरा राखेसारखा. खालच्या ओठावर दातांची खूण होती. मधल्या, त्याच्या रिकाम्या जागेवर तिने हात ठेवला होता, तो अजून तिथेच, मूठ वळलेला.

"झोप लागली?" तिने विचारले.

त्याने मान खाली घातली.

"सांगा ना. लागली?"

"लागली."

"पूर्ण आडवी होते?"

"होते."

"पाय पोचतात शेवटपर्यंत?"

"पोचतात."

"तुमचे पोचतात म्हणजे माझे तर आरामात पोचले असते," ती म्हणाली. टोमणा नव्हता. ती नुसती अंदाज घेत होती.

"अगं, मला एक हाक जरी..."

"पाहुण्यांना कोणी झोपेतून उठवतं का?"

व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात. ते दोघे बॅगा यायच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा तिथे कोणी उरले नव्हते. बाहेर काचेपलीकडे लेक बाळाला कडेवर घेऊन उभी होती, हात हलवत होती. पट्टा अजून फिरत होता. त्याचे कुठलेतरी बेअरिंग कोरडे पडले होते. दर फेऱ्याला एकदा कण्हल्यासारखे वाजत होते.

"आली का बॅग?" बायकोने डोळे मिटूनच विचारले.

"आली."

"कधी?"

"सगळ्यांच्या आधी."

रिकाम्या पट्ट्यावरून बॅग एकटीच आली, नारिंगी चिठ्ठी हलवत त्याच्या समोरून गेली. बायकोची मान आता एका बाजूला पडली होती, श्वास संथ चालला होता. व्हीलचेअरचा दांडा सोडला असता तर चाक हलले असते, तिला जाग आली असती. त्याने तो सोडला नाही. बॅग वळणावरून दिसेनाशी झाली, आणि तो तिच्या परत येण्याची वाट बघत उभा राहिला.