बटण कोणाच्या हाती

ज्याच्यावर माया असते त्याच्यावर विश्वासही असतो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात माया आधी येते आणि विश्वास मागून, लंगडत येतो. म्हाताऱ्या ट्रकचालकाचे आपल्या सुनेच्या बाबतीत असेच झाले होते.

खाणीतून दगड वाहणारा त्याचा ट्रक आता तिच्या हाती जायचा होता. गुडघ्यांनी रजा मागितली होती. मुलगा शिंपीकामात निपुण. परंतु चाकाशी त्याचे नाते शिवणयंत्रापुरतेच. अवजड वाहनाचा परवाना काढला तो सुनेने.

ट्रकचा मागचा धुरा मिस्त्रीच्या कार्यशाळेत उघडून ठेवला होता. खाणीच्या चिखलात एक चाक घसरले की सारे बळ त्या घसरत्या चाकाकडेच जाई आणि दुसरे जागच्या जागी स्वस्थ बसे. उपाय एकच: दोन चाकांत बळ वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला लॉक, म्हणजे दोन्ही चाके एकजुटीने फिरतील. लॉक मात्र दोन तऱ्हांचे. एक आपोआप लागणारे आणि सुटणारे. दुसरे चालकाने बटण दाबून लावायचे आणि आठवणीने सोडायचे.

"आपोआपचंच बसव," म्हातारा म्हणाला. "ही लावेल आणि सोडायला विसरेल. वळणावर दोन्ही चाकं एकत्र जखडलेली असली, तर गाडी वळते होय?"

"मामंजी, घरात दूध उतू जातं ते माझ्या हातून नाही," सून म्हणाली.

मिस्त्रीने हसू खोकल्यात लपवले. "काका, ज्यानं बंद पडलेल्या गाड्या ओढून आणतो ना, त्या माझ्या ट्रकला बटणाचं लॉक आहे. मागच्या चिखलात फिरवून या, मग ठरवा."

म्हातारा ऐटीत चालकाच्या आसनावर चढला. सून शेजारी बसली.

"नीट बघून ठेव," तो म्हणाला.

चिखलात चाक गरगरू लागताच त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, बटण दाबले. समोर दिवा लागला, दोन्ही चाकांनी जमीन पकडली आणि ट्रक हत्तीसारखा डुलत बाहेर आला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तरुणपणी कोणकोणत्या चिखलातून आपण निघालो, हे सांगता सांगता तो सिमेंटच्या अंगणात शिरला आणि वळू लागला.

ट्रक काही वळेना. टायर किंचाळले आणि गाडीचे नाक सरळ मिस्त्रीच्या पाण्याच्या पिंपाकडे निघाले.

"याचं स्टिअरिंगच बिघडलंय," म्हातारा पुटपुटला.

"पाय उचला, मामंजी." जोर ओसरताच तिने हात लांबवून बटण सोडवले. दिवा विझला. ट्रक गुणी लेकरासारखा वळला. पिंप थोडक्यात वाचले.

मग म्हातारा हसू लागला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सासूबाईंना सांगू का?" सुनेने विचारले.

"तू कशाला तोंड शिणवतेस? मिस्त्री सांगेलच की." मग खिडकीतून वाकून तो म्हणाला, "मिस्त्री, बटणाचंच बसव. आणि ते कुठे हवं ते हिला विचार. हात हिचा पोचायला हवा."

धुरा जोडून झाल्यावर ट्रक घरी निघाला. आपल्याच ट्रकमध्ये म्हातारा प्रथमच शेजारच्या आसनावर बसला. जाताना रस्ता कसा पाहावा, गिअर कुठे बदलावा, हे सारे सांगायचे त्याने ठरवले होते; परंतु पहिले वळण येण्यापूर्वीच तो घोरू लागला.

त्याची झोप अशीच निर्धास्त राहो. आणि तिच्या वाटेवर जिथे चिखल येईल, तिथे दोन्ही चाकांचे बळ तिला लाभो.