तिसरा नकार

सोमवार, ४ मार्च २०१९, सकाळचे साडेनऊ. सहकारी गोदामातील बियाण्याच्या काट्यावर दोनशे सत्त्याहत्तर पौंड. पायांतील बूट आणि खांद्यावरील हत्यारांची पिशवी धरून.

"अगं व्हर्ना, पिशवी तरी खाली ठेव," गोदाम सांभाळणारा गॉर्डी म्हणाला. "स्वतःला उगाच कशाला लठ्ठ म्हणवून घेतेस?"

"पिशवीसकटच लिही."

गॉर्डी माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला कळले की दुपारच्या जेवणापर्यंत ते साऱ्या गावाला कळते. हे ठाऊक असूनही मी त्याचाच काटा निवडला, कारण घरचा काटा दर वेळी वेगळे बोलत असे.

आमच्या कोर्टाच्या मनोऱ्यातील घड्याळाला दर सोमवारी हाताने किल्ली द्यावी लागते. वडिलांच्या मागे बावीस वर्षे ते काम माझ्याकडे होते. फेब्रुवारीत विम्याचा निरीक्षक आला आणि त्याने वरच्या अरुंद शिडीला पाटी ठोकली: चढणारी व्यक्ती, कपडे आणि हत्यारे मिळून कमाल भार अडीचशे पौंड. शिडी बदलायची तर मनोऱ्याची भिंत फोडावी लागणार होती. समितीने मला एक नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. तोवर मी मर्यादेत आले नाही, तर जुने यंत्र उतरवून तेथे विजेची मोटर बसणार होती. गावात हलकी माणसे पुष्कळ होती, परंतु मिनेसोटाच्या हिवाळ्यात दर आठवड्याला वर जाण्याची जबाबदारी कोणी घेईना. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबले ते थांबलेच.

मी तंत्रमहाविद्यालयात यंत्रकाम शिकले आहे. भारमर्यादेची पाटी दिसली की तिच्याशी वाद घालू नये, एवढे तेथे पहिल्याच सत्रात अंगी बाणते. मी ताट अर्धे केले, लोणी बंद केले आणि संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत फेऱ्या मारू लागले. मे अखेरपर्यंत काटा नीट उतरत गेला. जूनमध्ये तो जागचा हलेना.

यंत्र अडले की कोठे घासते आहे ते शोधायचे. मी शोधले. घरी काहीच बिघडले नव्हते. बिघाड चर्चच्या तळघरात होता, उन्हाळ्यात सुरू झालेल्या रविवारच्या सामुदायिक जेवणात.

आमच्या भागात आग्रहाची रीत ठरलेली आहे. पहिल्यांदा 'नको' म्हणायचे, दुसऱ्यांदाही 'नको' म्हणायचे आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी छोटा तुकडा' म्हणत ताट पुढे करायचे. पहिले दोन नकार कोणी मोजत नाही. तिसरा मात्र भांडण समजला जातो. साठ वर्षे मी ही रीत पाळत आले होते आणि जूनचे सगळे रविवार तिसऱ्या आग्रहालाच वाढून दिले होते.

ऑगस्टमध्ये काटा दोनशे चौसष्टवर आला. गॉर्डीचे डोळे चमकले.

"पिशवी चौदा पौंडांची ना? ठेव खाली. झाले अडीचशे! मी समितीला आजच फोन करतो."

"आणि मनोऱ्यात किल्ली कशानं देऊ? दातांनी?"

"तू ना, बापावर गेलीस," तो म्हणाला. त्याने ते चिडून म्हटले होते. मी ते मिरवत घरी नेले.

त्याच रविवारी माझ्या दिवंगत भावाची बायको आर्लिस रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्यांचे ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"घे गं."

"नको, पोट भरलंय."

"कोपऱ्याची घे. तुला कुरकुरीत आवडते."

"नको गं, खरंच."

"अगं, त्याच्या आवडीच्या म्हणून केल्यात. भावाच्या नावानं तरी एक घेशील?"

माझा हात अर्धा उठलाही होता. मी तो मांडीवर ठेवला. "नको, आर्लिस."

शेजारच्या टेबलावर कॉफी ओतणारीने किटली हवेतच धरून ठेवली.

"माझ्या हातचं आता कडू लागतं वाटतं," आर्लिस म्हणाली. "एका बंद घड्याळासाठी माणसं तोडायला निघालीस." ती ताट घेऊन गेली आणि त्यानंतर दोन रविवार माझ्या टेबलाकडे फिरकली नाही.

त्या दोन आठवड्यांत वजन उतरत होते, पण मला त्याचा आनंद होईना. कोर्टासमोरून जाताना मी वर पाहायचे टाळू लागले. एकदा बेकरीच्या दारात दहा मिनिटे उभी राहिले, आणि आत न जाता घरून हत्यारांची पिशवी उचलून थेट आर्लिसच्या घरी गेले. स्वयंपाकघरातील टेबलावर ती ठेवली.

"उचल."

"कशाला?"

"उचल तर खरी."

तिने उचलली आणि लगेच टेकवली. "दगड भरलेस का काय?"

"किल्लीचा दांडा, पाने, तेल. हे खाली ठेवून मला वर जाता येत नाही. म्हणून माझ्या अंगावरचं काहीतरी खाली ठेवावं लागतंय. तुझ्या वड्या वाईट असत्या तर नको म्हणायला एवढा त्रास झाला असता का?"

तिने पिशवीचा पट्टा नीट गुंडाळला. "मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं ना. तीनदा."

आर्लिस हसू दाबायला गेली, तिला ते जमले नाही. आम्ही नुसती काळी कॉफी प्यायलो.

ऑक्टोबरमध्ये चर्चचे सुगीचे जेवण होते. रांगेतून सरकत मी गॉर्डीच्या बायकोसमोर आले; ती मांसाचे गोळे वाढत होती. मी 'नको' म्हटले. तिने रीतीप्रमाणे डाव पुन्हा बुडवला. तेवढ्यात वाढपाच्या टेबलामागून आर्लिसचा आवाज आला.

"ती नको म्हणालीय! एकदा म्हणाली, बस्स झालं. व्हर्ना, पुढं सरक, मागं रांग लागलीय."

त्या तळघरात पहिलाच नकार मोजला गेल्याचे मी आयुष्यात प्रथम पाहिले. रांग पुढे सरकली.

३१ ऑक्टोबरला समितीचे अध्यक्ष गोदामात आले. आर्लिसही आली, कोणी न बोलावता.

"बूट काढ हवं तर," गॉर्डी कुजबुजला. "मी तिकडं तोंड करतो."

"इकडंच बघ. तुझ्याच तोंडून गावाला कळायचंय."

मी बूट, जाड कोट आणि पिशवी यांसह काट्यावर उभी राहिले. अध्यक्षांनी आकडा दोनदा वाचला, आपल्या हाताने लिहिला आणि मनोऱ्याची चावी माझ्या तळहातावर ठेवली. नंतर मी कोर्टात जाऊन मनोरा चढले. खाली उतरले तेव्हा माझे हात तेलाने माखले होते, आर्लिस चौकात मान वर करून उभी होती आणि घड्याळ अकराचे ठोके देत होते.

शिडीची मर्यादा अडीचशे पौंड. शिडीवर चढलेला भार दोनशे सत्तेचाळीस पौंड.